संगणकप्रणाली कोणाच्या सोयीची?

औषधालयात संगणक असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अनेकांनी घाईने मिळेल ती प्रणाली स्वीकारली. ती आपल्या व्यवसायाला कितपत मानवते, याचा विचार मात्र राहून गेला.

सर्वसाधारण दुकानात एक खोके म्हणजे एक वस्तू. आपल्याकडे वैद्य तीन-चार कल्प एकत्र खलून एकवीस पुड्या देण्यास सांगतात. प्रत्येक बरणीतून किती ग्रॅम गेले, हे नोंदविण्याची सोपी सोय नसेल तर मदतनीस नोंद टाळतो, साठा जुळत नाही आणि दोष त्याच्या माथी येतो. वस्तुतः तो दोष रचनेचा आहे.

नावांचा प्रश्न याहून गंभीर आहे. गुळवेल, गुडूची, अमृता यांपैकी काहीही लिहिले तरी एकच द्रव्य पुढे यावे. उलट ‘चंद्र’ एवढेच लिहिताच चंद्रप्रभा, चंद्रामृत, चंद्रकला अशी ओळ दिसते. तेथे घाईत बोट चुकते. म्हणून वत्सनाभासारखी अनुसूची ई-1 मधील द्रव्ये असलेले कल्प ठळकपणे वेगळे दिसलेच पाहिजेत.

मुदतीचेही तसेच. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे सांगितले, तर आसव व भस्मे जुनी झाल्यावर अधिक गुणवान मानली. नियम 161-ब मधील मुदतीही कल्पप्रकारानुसार भिन्न आहेत. छापील मुदतीबरोबरच बरणी उघडल्याची तारीख प्रणालीने विचारावी. कराचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला. असा बदल एकाच ठिकाणी करता यावा आणि जुनी बिले जुन्याच दराने राहावीत.

मदतनिसांना प्रशिक्षण द्या म्हणजे झाले, असे काही बंधू म्हणतात. प्रशिक्षण हवेच, परंतु मदतनीस बदलतात आणि सायंकाळच्या गर्दीत पुस्तिका उघडण्यास कोणालाही सवड नसते.

तेव्हा खरेदीपूर्वी विक्रेत्यासमोर स्वतः न बसता आपल्या मदतनिसाला बसवावे. मिश्र पुड्यांचे एक बिल त्याने करावे, मुद्दाम एक चूक करावी आणि कोणासही न विचारता ती दुरुस्त करावी. शिवाय प्रणाली सोडताना रुग्णांच्या सर्व नोंदी आपल्या हाती येतील, हे लेखी घ्यावे. एवढे जमले तरच पैसे मोजावेत.