अंदाज चुकेल, पण कोणत्या बाजूला?

‘मॉडेलवाल्यांचं आपसांतच जुळत नाही, मग आम्ही कशाला घाबरायचं?’ हवामानबदलाचा विषय निघाला की हा सवाल ठरलेला. पुराव्यादाखल २००६ चा एक अभ्यास पुढे केला जातो. पिएर फ्रीडलिंगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अकरा मॉडेलांची तुलना केली. उत्सर्जनाची वाट सगळ्यांना एकच. तरी २१०० साली हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे किती, तर कुणी सुमारे ७३० म्हणालं, कुणी १०२०. फरक लहान नाही, हे मान्यच. झाडं-माती किती कार्बन शोषतात याचा आकडा तर कित्येक वर्षं एकूण उत्सर्जनातून हवेचा आणि समुद्राचा वाटा वजा करूनच काढत. उरेल ते जमिनीच्या खात्यावर!

पण आक्षेपक तो अभ्यास अर्धाच वाचतात. तापमान वाढलं की जमीन आणि समुद्र मिळून कमी कार्बन शोषतील, यावर अकराही मॉडेलांचं एकमत होतं. त्यामुळे हवेत पडणारी जादा भर एकाने दर दहा लाखांत २० सांगितली, दुसऱ्याने २००. शून्याखाली कुणीच गेलं नाही.

याची चुणूक आजही दिसते. हवाईतल्या मौना लोआवर मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख मे महिन्यात माथ्यावर असतो. उत्तर गोलार्धातली झाडं पानांवर आली की सप्टेंबरपर्यंत उतरतो. मात्र १९९८ किंवा २०१६ सारखा जबर एल निनो आला की उष्ण कटिबंधातली जंगलं सुकतात, जळतात, आणि वर्षाची वाढ एकदम उसळी घेते. त्या वर्षी कारखान्यांनी काही तेवढा जादा धूर सोडलेला नसतो.

राहिला ‘निसर्गाच्या उलाढालीपुढे माणूस चिमूटभर’ हा युक्तिवाद. उलाढाल अवाढव्य आहे, खरंच. पण निसर्ग सोडतो त्याहून जास्त परत घेतो. आपण सोडलेल्यातला निम्म्याच्या आसपास वाटाही तोच गिळतो. हवेत साठतं ते आपलं उरलेलं. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये त्याच मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ च्या घरात होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. यात मॉडेलचा संबंधच नाही, ही निव्वळ मोजणी आहे.

शिवाय या शतकाच्या हिशेबातली सर्वांत मोठी अनिश्चित रक्कम जंगलात किंवा समुद्रात नाही. पुढे कोळसा-तेल किती जाळायचं, ही आहे. ती ठरवणारे आपणच. तेव्हा नेमका आकडा मिळेपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: अकरांपैकी कोणत्या मॉडेलच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त आहात?