खडू आणि टायर

चौतीस वर्षे शाळेत खडू झिजवला. निवृत्तीनंतर त्याचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले होते. पण गेल्या उन्हाळ्यात ओहायोला चिरंजिवांकडे गेलो, आणि एका रविवारी भर मैदानात त्यांनी माझ्या हाती खडूच ठेवला!

मैदान कसले, गाड्या उभ्या करण्याची मोकळी जागा. तीत रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखलेली. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचे. मिनिटभरात खेळ खलास. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. याचे नाव ऑटोक्रॉस. ज्याने भूमितीची वही कधी पुरी केली नाही, तो आमचा मुलगा या मिनिटासाठी रात्ररात्र आकडेमोड करतो.

गाडी मझदा मियाटा, दोनच माणसांची. वळणावर तिची शेपूट सुटे. स्वारींचा बेत मागे जाड स्वे बार बसवण्याचा, कारण शेजारच्या गाडीवाल्याने बसवला होता! स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी कांब. गाडी कलली की ती पिळली जाते आणि कलणे आवरते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या स्ट्रीट वर्गात पुढची किंवा मागची, एकच बदलता येते.

"दोन मिलिमीटर तर जाड घ्यायचीय, नाना."

भरीव कांबेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वीसची बावीस केली, तर १.४६ पट! मी रुमालावरच गणित मांडले. शिवाय ज्या बाजूची कांब ताठ, तिथल्या बाहेरच्या चाकावर भार जास्त आणि तिथलीच पकड आधी सुटणार. मग शेपूट सुटणाऱ्या गाडीला मागे कांब कशाला? घ्यायचीच तर पुढे घे.

तो गप्प झाला. सातवीत असताना त्याने माझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर सुटा केला होता. "मेकॅनिक व्हायचंय का?" म्हणून मी छडी काढली होती. तेव्हाही असाच गप्प होता.

पैशांचा निकाल सूनबाईंनी लावला. घराचा हप्ता, नातीची फी. तेव्हा कांब किंवा टायर, काय ते एकच. गाडी जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर, आणि जुने टायर दगडासारखे झालेले. टायरच ठरले. नियमाप्रमाणे त्यांवर झिजेचा आकडा निदान २०० हवा. आकडा लहान तितकी, साधारणपणे, पकड चांगली आणि आयुष्य कमी. असले टायर थंडीत कडक होतात, बर्फात कुचकामी. म्हणून हिवाळ्यात गाडी घरीच, अशी सूनबाईंची पुढची अट. तीही मान्य झाली.

खडू त्याच टायरांसाठी. कडेला रेघा ओढायच्या, फेरी झाली की पाहायचे. रेघ बाजूपर्यंत पुसली तर हवा कमी. नक्षीच्या कडेवरच शिल्लक राहिली तर जास्त.

पहिल्या फेरीत रेघा बऱ्याच खाली पुसल्या. "नाना, किती वाढवू?" त्याने विचारले. आयुष्यात प्रथमच! मी सांगितले तेवढी हवा त्याने भरली. दुसऱ्या फेरीत तो शेजाऱ्याच्या चार दशांश सेकंद पुढे गेला, पण शेवटच्या वळणावर शंकू आडवा झाला.

हेल्मेट काढीत तो परत आला, टायरपाशी उकिडवा बसला आणि मागे न पाहताच त्याने हात पुढे केला. "नाना, खडू."