खेळामागचा खेळ : फुकटच्या पाटीची किंमत

दोस्तांनो, टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघताना तुमची नजर कुठे असते? चेंडूवर, दुसरं काय! पण मैदानाच्या कडेला ज्या जाहिरातीच्या पाट्या असतात ना, त्यांच्यावरही ती नकळत जातेच. म्हणून तर कंपन्या त्या पाट्यांसाठी भरपूर पैसे मोजतात. आज मात्र अशा पाट्यांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांच्याबद्दल क्लबला बरीच वर्षं काहीच मिळालं नाही. आणि गंमत म्हणजे, त्या लावणारा होता क्लबचाच मालक!

इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठी न्यूकॅसल नावाचं शहर आहे. या शहराचा मोठा फुटबॉल क्लब एकच, १८९२ साली स्थापन झालेला न्यूकॅसल युनायटेड. त्यामुळे सामन्याच्या दिवशी सगळं शहर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत दिसतं. क्लबचं मैदान सेंट जेम्स पार्क अगदी भरवस्तीत आहे आणि त्यात ५२ हजार लोक बसतात.

२००७ साली माईक ॲशली या उद्योगपतीने हा क्लब सुमारे १३ कोटी ४० लाख पौंडांना विकत घेतला. ॲशलींचा मूळ धंदा दुकानदारीचा. बूट, चेंडू, ट्रॅकसूट स्वस्तात विकणारी ‘स्पोर्ट्‌स डायरेक्ट’ ही दुकानांची मोठी साखळी त्यांनी उभी केली होती. म्हणजे एका हातात क्रीडासाहित्याची दुकानं आणि दुसऱ्या हातात फुटबॉल क्लब. तुम्ही म्हणाल, वा! जोडी तर छान जमली. थांबा, इथेच खरी मेख आहे.

आधी एक सांगा, क्लबला पैसा कुठून मिळतो? समजा, एका टाकीला तीन नळ आहेत. पहिला नळ तिकीटविक्रीचा. दुसरा टीव्हीवरच्या प्रक्षेपणाचा. तिसरा व्यापारी उत्पन्नाचा, म्हणजे जर्सीवरचं नाव, मैदानातल्या पाट्या, जर्सी आणि मफलरची विक्री वगैरे. यातला दुसरा नळ कितीने सोडायचा, ते बरंचसं लीग ठरवते. पहिल्याला खुर्च्यांची मर्यादा. तिसरा नळ मात्र क्लबच्या स्वतःच्या हातात असतो. हुशारीने सौदे करा आणि हवा तेवढा मोठा सोडा!

ॲशलींच्या काळात सेंट जेम्स पार्कमध्ये जिकडेतिकडे ‘स्पोर्ट्‌स डायरेक्ट’ची पाटी दिसू लागली. प्रीमियर लीगचे सामने जगभर दिसतात. आपल्या मुंबईत, गोव्यातही लोक शनिवारी संध्याकाळी ते बघत बसतात. म्हणजे कंपनीचं नाव घरोघरी पोचत होतं. आणि बिल? बरीच वर्षं ते फाडलंच गेलं नाही. क्लबच्या वस्तूंची विक्रीसुद्धा त्याच साखळीकडे गेली.

२०११ साली तर कमालच झाली. मैदानाचं नावच बदलून ‘स्पोर्ट्‌स डायरेक्ट अरीना’ करण्यात आलं! क्लबचं म्हणणं असं, की मैदानाचं नाव विकायचं आहे, तर ते कसं दिसेल हे गिऱ्हाइकाला कळायला नको का? चाहते मात्र भयंकर चिडले. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं नाव नमुना म्हणून पुसायचं? पुढे २०१२ मध्ये ‘वोंगा’ ही भरमसाट व्याजाने कर्ज देणारी कंपनी जर्सीची पुरस्कर्ती झाली आणि करारात मैदानाला जुनं नाव परत मिळालं.

आता तुमच्या मनात येईल, मालक त्यांचाच, मैदान त्यांचंच, मग स्वतःच्या दुकानाची पाटी लावली तर कुणाचं काय गेलं? प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी इंग्लंडमधून जरा आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात येऊ या.

समजा, मंडळाच्या अध्यक्षांचं मिठाईचं दुकान आहे. प्रवेशाच्या कमानीवर त्यांनी स्वतःच्या दुकानाचा फलक लावला. फुकट. मंडळाच्या वहीत खर्च शून्य, तोटा शून्य. सगळं कसं छान! पण कोपऱ्यावरचा सायकलवाला त्याच जागेचे पाच हजार द्यायला तयार होता. ते पाच हजार आलेच नाहीत. जे आलंच नाही, ते वहीत लिहिणार कुठे? म्हणून हा तोटा कुणाला दिसत नाही. पण आरास साधी होते, बक्षिसं कमी होतात, आणि वर्गणी देणारे विचारतात, “यंदा असं का?”

कळलं ना? फुकटच्या पाटीची किंमत म्हणजे त्या जागी दुसऱ्याने मोजले असते ते पैसे. आणि सायकलवाल्याशी घासाघीस करायची कुणी? अध्यक्षांनीच. पण ते तर आपल्या दुकानाच्या गल्ल्यावरही बसलेत! सौद्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस असला, की मंडळाच्या बाजूने भांडायला कुणी उरत नाही.

न्यूकॅसलमध्ये नेमकं हेच झालं, असं चाहत्यांचं म्हणणं होतं. ॲशली आले तेव्हा क्लबचं व्यापारी उत्पन्न वर्षाला अडीच ते तीन कोटी पौंडांच्या दरम्यान होतं. बारा वर्षांनी, २०१९ साली, ते जवळपास तिथेच होतं! त्या वर्षी लंडनच्या टॉटनहॅमचं हेच उत्पन्न दहा कोटींच्या वर गेलेलं होतं.

अर्थात, मालकाची बाजूही ऐकायला हवी. एकतर्फी निकाल देणं खेळात बसत नाही. ॲशलींनी क्लबला दहा कोटी पौंडांहून जास्त रक्कम कर्जाऊ दिली आणि तीही बिनव्याजी. बँकेकडे गेलं असतं, तर व्याजातच केवढे पैसे गेले असते! शिवाय २००९ आणि २०१६ अशी दोनदा संघाची खालच्या श्रेणीत घसरण झाली, आणि खालच्या श्रेणीत जाहिरातदार कमी पैसे देतात. दुकान दुसऱ्याकडे दिलं, तर त्याची विक्री वहीतून जाते तसा त्याचा खर्चही जातो. म्हणजे सगळा दोष पाट्यांच्या माथी मारता येणार नाही.

पण मग हिशेब कसा करायचा? मिठाईवाल्या अध्यक्षांनी मंडळाला पन्नास हजार बिनव्याजी दिले आणि कमान फुकट वापरली, तर कोण कुणाचं देणं लागतो? दोन्ही गोष्टींची किंमत कागदावर लिहिली असेल, तर वजाबाकी करून सांगता येईल. लिहिलीच नसेल, तर अध्यक्ष म्हणणार, “मी केवढं केलं!” आणि वर्गणीदार म्हणणार, “तुम्ही केवढं नेलं!” भांडण जन्मभर चालणार.

असंच एक भांडण शेजारच्या स्कॉटलंडमध्येही झालं. ग्लासगोचा रेंजर्स क्लब २०१२ मध्ये पैशांच्या मोठ्या संकटात सापडला होता. त्या वर्षी त्याने वस्तूंच्या विक्रीसाठी स्पोर्ट्‌स डायरेक्टबरोबर भागीदारीत एक कंपनी काढली. क्लबचा हिस्सा ५१ टक्के, दुकानवाल्यांचा ४९. पुढे २०१५ मध्ये क्लबने त्यांच्याकडून ५० लाख पौंडांचं कर्ज घेतलं, आणि त्या बदल्यात दुकानवाल्यांचा हिस्सा ७५ टक्के झाला. इथे ॲशली मालक नव्हते, थोडे शेअर्स असलेले भागधारक होते. पण सावकार आणि दुकानदार मात्र एकच! जर्सीच्या पैशातलं आपल्या क्लबला फारच थोडं मिळतं, हे कळल्यावर अनेक चाहत्यांनी जर्सी घेणंच सोडून दिलं. विचार करा, क्लबवरच्या प्रेमापोटी क्लबची जर्सी घ्यायची नाही! २०१७ मध्ये नवा करार झाला, तरी कोर्टकज्जे पुढेही चालूच राहिले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲशलींनी न्यूकॅसल क्लब सुमारे ३० कोटी ५० लाख पौंडांना विकला. मुख्य खरेदीदार होता सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी. डिसेंबरात मैदानातल्या स्पोर्ट्‌स डायरेक्टच्या पाट्या उतरू लागल्या, तेव्हा चाहत्यांनी आनंद साजरा केला.

मग गोष्ट संपली का? छे! आता बाकीच्या क्लबांना अगदी उलटी भीती वाटू लागली. आधीच्या मालकाची कंपनी पाटीला पैसे देत नव्हती. नव्या, गडगंज मालकाच्या कंपन्यांनी त्याच पाटीला दसपट पैसे दिले तर? त्या पैशातून न्यूकॅसल वाटेल तो खेळाडू घेईल! म्हणून डिसेंबर २०२१ मध्येच प्रीमियर लीगने नियम केला, की मालकाशी नातं असलेल्या कंपनीबरोबरचा सौदा बाजारभावाला धरूनच हवा. २०२३ मध्ये सौदी निधीच्याच मालकीची ‘सेला’ ही कंपनी जर्सीवर आली, ती याच चाळणीतून.

बघा, फार कमी दिले तर क्लबचं नुकसान, फार जास्त दिले तर बाकीच्यांवर अन्याय. दोन्हींवर औषध एकच. त्रयस्थ माणसाने किती दिले असते, हे विचारा आणि कागदावर लिहून ठेवा.

हे औषध काही फक्त पौंडांच्या व्यवहारांसाठी नाही. तुमच्या शाळेच्या संमेलनात, कॉलनीच्या क्रिकेट स्पर्धेत, मंडळाच्या मांडवात कुणी “फुकट करून देतो” म्हणालं, तर आधी मनापासून आभार माना. आणि मग हळूच विचारा, “काका, बदल्यात फलक लावायचाय का? मग त्याची किंमत वहीत लिहू या का?” चांगला माणूस रागावणार नाही. उलट म्हणेल, पोरं हुशार आहेत!

तुमच्याकडच्या मंडळाच्या कमानीवर यंदा कुणाचा फलक होता आणि वहीत त्यापुढे काय लिहिलंय, ते बघा आणि आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!