शहाजीराजांच्या भावाचे नाव

रमजानचा पंधरावा रोजा काही घरांत थोडा वेगळा असतो. परंपरेनुसार हिजरी सन 3 मध्ये याच दिवशी मदिनेत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे नातू हजरत हसन (रजि.) यांचा जन्म झाला. वडील हजरत अली (रजि.) यांनी बाळाचे नाव आधी ‘हर्ब’ ठेवले होते, असे काही कथनांत येते. हर्ब म्हणजे युद्ध. लढवय्या बापाला ते नाव आवडलेही असेल. पण आजोबांनी ते बदलून ‘हसन’ केले. हसन म्हणजे सुंदर, चांगला.

नावाचा अर्थ चांगला असावा, ही इस्लामची शिकवण आहे. उमर, उस्मान ही नावे अरबस्तानात इस्लामच्या आधीपासून होती. ती नावे असणारी माणसे मुसलमान झाली, पण त्यांना नाव बदलायला कुणी सांगितले नाही. अर्थ वाईट नसेल तर नावाशी भांडण नाही, इतका तो सरळ हिशेब होता.

पुढे हजरत हसन यांच्या वंशजांना अरब देशांत ‘शरीफ’ म्हणण्याची रीत पडली. शतकानुशतके मक्केचा कारभार पाहणारे शरीफ याच वंशातले. शरीफ म्हणजे कुलीन, प्रतिष्ठित. आपल्याकडे बोलताना ‘शरीफ माणूस’ म्हटले की सरळमार्गी, सभ्य माणूस डोळ्यांसमोर येतो. आज या नावाविषयी लिहायचे आहे. मात्र ते मुसलमानाच्या घरातले नाही. आपल्या तुळजाभवानीला कुलदेवता मानणाऱ्या एका मराठा घरातले आहे, आणि ते घर साधेसुधे नव्हे, भोसल्यांचे आहे.

वेरूळचे मालोजी भोसले हे अहमदनगरच्या निजामशाहीतले सरदार. लग्नाला बरीच वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. तेव्हा मालोजी आणि उमाबाई यांनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला. त्यानंतर दोन मुलगे झाले. नवस फेडताना मालोजींनी पिराच्या एका नावाची दोन नावे केली. थोरला शहाजी आणि धाकटा शरीफजी. ही गोष्ट कुणा मुजावराने पदरची सांगितलेली नाही. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून कवींद्र परमानंद यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य लिहिले, त्यात ती आली आहे. शाह शरीफ यांचा दर्गा आजही नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे.

नावांची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘शाह’ हा शब्द फारसी, ‘शरीफ’ अरबी, आणि शेवटचा ‘जी’ आपल्या घरचा. तो ‘जी’ लागला आणि ही नावे मालोजी, विठोजी यांच्या पंगतीला येऊन बसली. आज ‘शहाजी’ हे नाव उच्चारताना त्यात फारसी शब्द आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

या दोघा भावांच्या काळाशी आपल्या जिल्ह्याचाही संबंध आहे. 1600 मध्ये मोगलांनी नगर घेतले. तेव्हा मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि दरबार परंड्याला भरवला. आज सहलीला गेल्यावर जिथे आपण तोफांपाशी उभे राहून फोटो काढतो, तो परंड्याचा किल्ला काही वर्षे निजामशाहीची राजधानी होता. पुढे 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजी आणि शरीफजी हे दोघेही या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच कामी आले.

इथून दोन्ही नावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शहाजीराजांना शिवाजी महाराजांसारखा मुलगा झाला आणि ‘शहाजी’ हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठल्याही गावात विचारा, एखादे शहाजी भेटतातच. कुणी शेतकरी, कुणी गुरुजी, कुणी सरपंच. पण मराठ्याच्या घरात शरीफजी नावाचा मुलगा? माझ्या आजवरच्या आयुष्यात मला तरी एकही भेटलेला नाही. एकाच नवसाची, एकाच पिराची ही दोन नावे. एक उदंड झाले, दुसरे दुर्मिळ झाले. यात नावाचा गुण-दोष काही नाही. नाव धारण करणाऱ्याच्या वाट्याला काय आले, यावर नावाचे पुढचे आयुष्य ठरते.

मात्र भातवडीच्या रणात ते नाव संपले, असे नाही. ते दक्षिणेला गेले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला गादी स्थापन केली. त्यांना तीन मुलगे झाले. त्यांची नावे शहाजी, शरफोजी आणि तुकोजी. यातले शरफोजी म्हणजे शरीफजीच. तमिळ मुलखात राहून, बोलण्यात झिजून त्याचे ते रूप झाले. हे शरफोजी 1712 ते 1728 या काळात तंजावरचे राजे होते.

खरी गंमत पुढे आहे. 1763 मध्ये तंजावरच्या गादीवर तुळजाजी राजे आले. नावातच तुळजा आहे. तुळजापूरहून शेकडो कोस दूर, कावेरीकाठी राहणाऱ्या या घराण्याने आपल्या कुलदेवतेचे नाव राजाला दिले होते. या तुळजाजींनी 1787 मध्ये मुलगा दत्तक घेतला. तो 1798 ते 1832 पर्यंत गादीवर होता. त्याचे नाव शरफोजी. बापाच्या नावात आपल्या तुळजापूरची देवी आणि मुलाच्या नावात नगरचा पीर. दोन्ही नावे एकाच गादीवर, एकाच देवघरासमोर सुखाने नांदली.

हे दुसरे शरफोजी फार विद्वान राजे होते. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी हजारो हस्तलिखिते जमवून वाढवले. 1803 मध्ये तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. पिराच्या नावाच्या राजाने शिवमंदिराच्या भिंतीवर आपल्या कुळाची कथा लिहवली, आणि तीही मराठीत. आपल्या भाषेचा एवढा मोठा शिलालेख तमिळनाडूत आहे, याचे श्रेय या राजाला आहे.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते. मालोजी निजामशहाच्या चाकरीत होते, धन्याला बरे वाटावे म्हणून त्यांनी तशी नावे ठेवली असतील, असे काही जण म्हणतात. क्षणभर तसे धरून चालू. पण निजामशाही 1636 मध्ये बुडाली. त्यानंतर तंजावरच्या भोसल्यांवर कुणाची सक्ती होती? तिथे त्यांना कोणत्या सुलतानाला खूश करायचे होते? तरी त्यांनी हे नाव पुन्हा पुन्हा ठेवले. कारण तोवर ते पिराचे नाव राहिले नव्हते, ते पूर्वजाचे नाव झाले होते. आपल्याकडे आजोबा-पणजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तसे. भीतीपोटी ठेवलेले नाव भीती गेली की गळून पडते. हे नाव दोनशे वर्षे टिकले.

आपल्या मराठवाड्यात अशी नावे कमी नाहीत. नवसाचा मुलगा म्हणून ठेवलेला पिराजी, फकिराच्या झोळीत घालून परत घेतलेला फकिरा. कान्होजी आंग्र्यांच्या मुलाचे, मराठ्यांच्या आरमाराच्या सरखेलाचे नाव शेखोजी होते. मुसलमान घरांतही पाहा. आधीची मुले दगावली म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेला दगडू, लाडाने हाक मारता मारता कागदावर आलेले बाबूलाल, गुलाब. दगडूभाई हे नाव कोणत्या धर्माचे, हा प्रश्न आपल्या आजीला पडला नव्हता. मूल जगावे, एवढेच तिला हवे होते.

आता ही नावे दोन्हीकडून कमी होत आहेत. काळ बदलतो तशी नावे बदलतात, त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. मुलीचे नाव सखूबाई ठेवा, असा आग्रह मीही कुणाला करणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हल्ली नाव ठेवताना आधी भीती बसायला येते. पिराजी नावाच्या मुलाला वर्गात चिडवतात, मग घरचे राजपत्रात नाव बदलून घेतात. मुसलमान घरात दगडू, गुलाब ही नावे ‘आपली नाहीत’ असे कुणीतरी सांगते, मग मोबाइलवर शोधून असे नाव काढले जाते, की आजीला ते धड उच्चारताही येत नाही. एक बाजू म्हणते आमच्या नावात त्यांचे काही नको. दुसरी बाजूही तेच म्हणते. या निवडानिवडीत दोघांचे घरचे धान्यही पाखडून बाहेर जाते.

आणि याची किंमत मुले मोजतात. पुण्या-मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या धाराशिवच्या, तुळजापूरच्या, उमरग्याच्या मुलांना विचारा. पहिला प्रश्न ‘काय करतोस’ हा नसतो, ‘नाव काय’ हा असतो. नाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे ती मुले सांगतील. ज्या नावात आईबापाने दुवा घातली, तेच नाव पोराला झेलावे लागते. आपल्या शहराच्या नावावर आपण बरीच वर्षे बोललो, अजूनही बोलतो. माणसांच्या नावांवर तेवढ्या शांतपणे बोलायला हवे, कारण पाटी बदलून माणसाचे प्रश्न सुटत नाहीत.

रीतीभातींकडे नीट पाहिले तर आपण फार लांब नाही. आमच्यात मूल जन्मले की त्याच्या कानात अजान देतात आणि सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवतात. तुमच्यात बाराव्या दिवशी बारसे होते आणि आत्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. दोन्ही घरांत माणसाच्या आयुष्याची सुरुवात कानात हळूच काहीतरी चांगले सांगून होते. शहाजी आणि शरीफजी यांच्या बारशालाही असेच कुणीतरी पाळण्यावर वाकले असेल. नगरच्या पिराचे नाव आत्याच्या तोंडून मराठी कानात गेले असेल.

शरीफजी हे नाव पुन्हा ठेवा, असे मी म्हणत नाही. ठेवणार असाल तर आनंद आहे. पण शहाजीराजांचा भाऊ कोण होता, कुठे पडला, त्याचे नाव कुठून आले आणि तंजावरला जाऊन ते कसे राजा झाले, हे शाळेत जाणाऱ्या मुलांना ठाऊक असावे, एवढे मागणे आहे. शिवजयंतीला शहाजीराजांचे नाव घेतो, तेव्हा एखाद्या वाक्यात शरीफजींचेही घ्यावे.

आणि आणखी एक. आपल्या शहरातल्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या उरुसाला दोन्ही समाजांची माणसे येतात. तुळजापूरची वाटही आपल्या सगळ्यांच्या दारावरून जाते. या दोन्ही ठिकाणी नवस बोललेली माणसे अजून तुमच्या-माझ्या घरात आहेत. ईदला शिरखुर्मा घ्यायला आमच्याकडे याल, तेव्हा आमच्या थोरल्यांना त्यांच्या नावाची गोष्ट जरूर विचारा. आम्हीही तुमच्याकडे आलो की विचारू. ही गोष्ट सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून यंदाच विचारलेले बरे.