नंगारा बांधला, वाजवणार कोण?

पोहरादेवी हे नाव बहुतेकांना दोन कारणांनी ठाऊक असते. एक रामनवमीची यात्रा, आणि दुसरे निवडणुकीच्या आधी येणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या! वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले हे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर येथे असल्यामुळे देशभरचा बंजारा समाज याला आपली काशी मानतो. माझा तांडा येथून जवळच आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते पाहुण्याचे मत नाही, घरच्या मुलीचे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. चार मजली इमारत, तेरा दालने, आणि बाहेरून आकार नंगाऱ्याचा. त्या दिवशी पंतप्रधानांनी मंदिरात स्वतः नंगारा वाजवला, ते दृश्य आमच्या तांड्यातल्या मोबाईल-मोबाईलवर फिरले. मला अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू? ज्या समाजावर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या आधाराने ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का बसला, आणि तो पुसायला १९५२ साल उजाडावे लागले, त्याच समाजाच्या वाद्याच्या आकाराची इमारत सरकारने बांधली. ही लहान गोष्ट नव्हे.

पण आजीला घेऊन मी ती इमारत दाखवायला गेले, तेव्हा ती बराच वेळ वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, “एवढा मोठा नंगारा! याला वाजवणारा कुठे बसतो ग?”

मी हसले. रात्री मात्र झोप लागेना. आजीने विचारलेला प्रश्न भाबडा नव्हता.

आमच्या तांड्यात नंगारा वाजवणारे दोनच जण उरले आहेत. दोघांचीही साठी उलटली आहे. नंगाऱ्याच्या जोडीला काशाची थाळी. या दोहोंच्या तालावर होळीची लेंगी, लग्नातली गाणी आणि रात्ररात्र चालणारी भजने होत असत. पावसाळी हवेत कातडे सैल पडले की जाळाजवळ धरून ते तापवायचे, कान लावून आवाज पाहायचा, मग काठी हातात घ्यायची. हे सगळे कोणी शाळेत शिकवत नाही. शेजारी बसूनच शिकावे लागते. आता शेजारी बसायला कोणी नाही. लग्नात डी. जे. लागतो. कर्ज काढून लागतो. आणि त्याच मांडवात नंगारेवाल्याला जेवणाच्या पंगतीत शेवटी बसवतात. मग कोणता बाप मुलाला म्हणेल, “बस बाबा, काठी धर”?

वाद्याचे जे झाले तेच सुईदोऱ्याचे. आमच्या बायकांचा फेटिया, कांचळी, टुकरी हा वेष सर्वांनी चित्रात पाहिलेला असतो. त्यावर आरसे, कवड्या, जुनी नाणी आणि टाक्याला टाका लावून केलेले भरतकाम. एकेकाळी बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामागून मुलूख पालथे घालीत. घर नव्हते, म्हणून भिंत नव्हती. भिंतीवर काढायची नक्षी बाईने अंगावरच्या कापडावर काढली. पुढे रस्ते झाले, आगगाडी आली, बैलांचा व्यापार बसला. पण सुई चालू राहिली. आगगाडीने जे मोडले नाही ते आमच्या दोन पिढ्यांनी मोडले, असे मला वाटते.

आमच्याच घरचे सांगते. आजीने स्वतःच्या लग्नासाठी भरलेला फेटिया पत्र्याच्या पेटीत होता. मी प्राथमिक शाळेत असताना एक फिरता व्यापारी तांड्यात आला. त्याने जुने फेटिये, कांचळ्या, कवड्यांच्या चुंबळी सगळे गोळा केले. आमच्या फेटियाचे त्याने पाचशे रुपये दिले. याडीने त्यात दोन नव्या साड्या घेतल्या आणि आम्ही सगळे खूष झालो. गोव्याच्या बाजारांत परदेशी प्रवाशांना असल्या जुन्या भरतकामाच्या पिशव्या आणि चादरी विकतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला किंमत ठाऊक होती, आम्हाला नव्हती.

आता खरी लाजेची गोष्ट. गेल्या स्नेहसंमेलनात आम्ही मैत्रिणींनी ‘बंजारा नृत्य’ केले. पोशाख भाड्याने आणला. आरशांच्या जागी चकचकीत प्लॅस्टिक, टाक्यांच्या जागी मशीनची शिलाई, आणि गाणे सिनेमाचे. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. घरी आजीला फोटो दाखवला. ती काही बोलली नाही. फक्त बोटाने फोटो मोठा करायला सांगितला, कापड पाहिले आणि मोबाईल परत दिला. मला बोलणी बसली असती तर बरे झाले असते!

येथे कोणी म्हणेल, “मग घाला ना रोज फेटिया! कोणी अडवले आहे?” या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मी फेटिया रोज घालणार नाही. तो जड असतो, उन्हाळ्यात अंग भाजते, धुवायचा तर निम्मा दिवस जातो. दंडापर्यंतच्या बलियांनी आजीच्या हातावर पडलेले वळ मी पाहिले आहेत. शिवाय एक गंमत पाहा! आमच्या पुरुषांनी शर्ट-पँट केव्हाच स्वीकारली. परंपरेचे ओझे वाहायचे ते बायकांनी, आणि परंपरेवर भाषण करायचे ते पुरुषांनी, ही वाटणी मला मान्य नाही. खुद्द आजीच म्हणते, “माझ्या अंगावर होतं ते तुझ्या अंगावर नको. तू शीक.”

पण अंगावरचा वेष सुटणे वेगळे आणि हातातली कला सुटणे वेगळे. वेष सुटला तर सुटू द्या. हात सुटता कामा नये. बापूंना हे पटत नाही. ते म्हणतात, “सुईदोराच धरायचा होता, तर तुला कॉलेजात कशाला घातलं?” दिवाळीनंतर अर्धा तांडा कामासाठी बाहेर पडताना ज्यांनी पाहिला, त्या बापूंचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. पोट भरत नसेल तर कला टिकत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणूनच दुसरीकडे काय झाले ते पाहावे. डहाणूकडच्या वारली बायका लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर आणली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकला आज जगभर गेली आहे. पण ती इतकी गेली, की कुठल्याही कारखान्यात छापलेल्या चादरीवर आणि कपबशीवर वारली माणसे नाचतात आणि त्यातला पैसा पाड्यावर येत नाही. यापासूनही शिकले पाहिजे. कर्नाटकातल्या संडूर येथील लंबाणी, म्हणजे आमच्याच समाजाच्या बायकांनी वेगळी वाट धरली. त्या केंद्रात एकत्र बसून भरतकाम करतात. संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनही आहे. जुलै २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने हंपी येथे त्यांच्या १७५५ वस्तूंचे प्रदर्शन भरले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. टाका तोच, आरसा तोच, देवही तोच. मग संडूरला जे जमते ते काशी म्हणवणाऱ्या पोहरादेवीला का जमू नये?

कापड निदान पेटीत राहते. गाण्याला तर पेटीही नाही. आमच्याकडे सासरी निघालेली मुलगी ढावलो गाते. ते नुसते रडणे नव्हे; आईबाप, भाऊ, मैत्रिणी, तांड्याची वाट, एकेकाचे नाव घेऊन रचलेला तो निरोप असतो. थोरल्या बायका तो नवरीला शिकवीत. माझ्या मोठ्या बहिणीला ढावलो येत नव्हता. ती निघाली तेव्हा आजी तिच्या वतीने गायली, आणि डी. जे. वाल्याने आवाज कमी केला नाही. आमच्या बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. म्हणजे जे लिहिले गेले नाही ते आजीबरोबर जाणार, हे उघड आहे.

माझे मागणे फार नाही. संग्रहालयाच्या आवारात एक खोली अशी असावी, जिथे तांड्यातल्या बायका रोजाने बसून काम करतील, मुलींना शिकवतील आणि आपला माल आपल्या भावाने विकतील. रामनवमीला लाखो माणसे येतात. त्या यात्रेत एक मांडव फक्त लेंगी, ढावलो आणि नंगारा-थाळीचा असावा, आणि गाणाऱ्याला नारळ-शालीबरोबर बिदागीही मिळावी. हे सरकारचे काम झाले.

आपले काम वेगळे आहे. आपल्या वर्गात तांड्यावरून येणारी मुले-मुली कमी नाहीत. वर्गात बोली तोंडून निसटली की आपण जीभ चावतो. ते आधी थांबवू या. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. सुट्टीत घरी गेल्यावर त्यावर आजीचे एक गाणे भरून घ्यावे आणि देवनागरीत वहीत उतरवावे. पुढच्या संमेलनात भाड्याचा पोशाख आणण्याऐवजी त्याच पैशात तांड्यातल्या नंगारेवाल्याला बोलवावे आणि त्याला पहिल्या पंगतीत बसवावे.

मी सुरुवात केली आहे. या दिवाळीच्या सुट्टीत आजीकडून आरसा बसवायला शिकले. पहिले चार आरसे तिने उसवायला लावले. पाचव्याला ती म्हणाली, “हा राहू दे.”

— बी. ए. भाग २