वऱ्हाडाला कुणी विचारले?

वाशीमसह सारा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाने १८५३च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, तो फौजेच्या खर्चापोटी. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने दिला गेला. १९३६च्या करारात सार्वभौमत्व निजामाचे, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब आणि कारभार मात्र मध्य प्रांताबरोबर, अशी मांडणी झाली. याला सत्तावाटप म्हणणे आम्हाला मान्य नाही. त्यामुळे संघर्ष टळला, असे कुणी म्हणेल; टळलाही असेल, पण तो दोन दरबारांमधला. कापूस पिकवणाऱ्या, सारा भरणाऱ्या रयतेला यांपैकी एकाही करारात कुणी विचारले नाही. याउलट, फिलिपिन्समधील मुस्लिमबहुल बांगसामोरोच्या स्वायत्ततेवर २०१९ मध्ये निदान सार्वमत घेतले गेले. सुलू प्रांताने नकार दिला, आणि २०२४ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मानून सुलूला त्या प्रदेशातून वगळले.