ओझ्याची तरफदारी करणाऱ्यांना उत्तर

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईच्या आणि नाशिकच्या ट्रेकर मंडळींत हिमालयाची तयारी सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक वादही रंगतो. हम्पटा, पिन-पार्वती किंवा लडाखमधल्या मारखाच्या वाटेने स्वतःचे सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन जाणाऱ्याने झोपायला काय न्यावे? पॉलिएस्टरच्या तंतूंनी भरलेली, दोन किलोची, दिसायला भरभक्कम अशी स्लीपिंग बॅग, की बदका-हंसांच्या पिसांखालच्या मऊ लवीने भरलेली, किलोच्या आतबाहेरची डाऊनची बॅग? बरीच जुनीजाणती मंडळी पहिलीच्या बाजूने कौल देतात. डाऊन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे त्यांचे मत. हे मत चुकीचे आहे आणि त्याची किंमत नवखे ट्रेकर आपल्या पाठीने आणि गुडघ्यांनी मोजतात. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. डाऊनवरचे आक्षेप पाच आहेत. ती भिजली की संपली. जड तेच उबदार, आणि एका किलोने असा काय फरक पडतो. ती महाग आहे. ती पक्ष्यांच्या हालांवर उभी आहे. आणि शेवटचा, आपल्याकडचा खास आक्षेप: आपले पूर्वज घोंगडीवर दऱ्याखोरी तुडवत आले, मग आपल्यालाच ही नाजूक मिजास कशाला? यांतला एकही आक्षेप पोकळ नाही. प्रत्येकात खऱ्याचा अंश आहे, आणि तो कुठे संपतो हे पाहिले की निकाल आपोआप लागतो.

‘जड तेच उबदार’ या समजापासून सुरुवात करू, कारण बाकीचे गैरसमज त्याच्याच पोटातून निघतात. कुठलेही पांघरूण ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची असते. पांघरूण तिला निसटू देत नाही एवढेच. आणि तिला अडवून धरते ती पांघरुणात कोंडलेली स्थिर हवा. डाऊनचा एक पुंजका चिमटीत घेऊन पाहा. त्याला पिसासारखा कणा नसतो. मोहरीएवढ्या गाभ्यातून शेकडो तलम तंतू चहूबाजूंनी निघालेले असतात. मुठीत दाबला तर तो जणू नाहीसाच होतो. मूठ उघडली की सावकाश फुलून पुन्हा पहिल्यासारखा होतो. या फुलण्याचेच माप म्हणजे ‘फिल पॉवर’. ८०० फिल पॉवरचे २८ ग्रॅम डाऊन प्रयोगशाळेतल्या मापाने सुमारे १३ लिटर जागा व्यापते. याच हिशेबाने अर्धा किलो डाऊन सव्वादोनशे लिटरहून अधिक फुलते. तेवढी हवा कोंडायला पॉलिएस्टरचे तंतू पुष्कळ जास्त वजनाचे लागतात. म्हणजे दोन किलोच्या बॅगेतला जास्तीचा किलो उबेसाठी वाहिलेला नसतो, तो भरावाच्या उणेपणासाठी वाहिलेला असतो.

मग ‘उणे दहाची बॅग घेतली तरी रात्रभर कुडकुडलो’ ही तक्रार का ऐकू येते? कारण आकडा चुकीचा वाचला जातो. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तापमानाचे तीन आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे मानकातली प्रमाण स्त्री ज्या तापमानात सैल अंगाने झोपू शकते ते. ‘लोअर लिमिट’ म्हणजे प्रमाण पुरुष अंग मुडपून जेमतेम निभावतो ते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्यापुरता आकडा. तिथे हायपोथर्मियाचा धोका गृहीतच धरलेला असतो. दुकानात ठळक छापलेला आकडा अनेकदा हा तिसरा असतो. खरेदी पहिल्या आकड्यावर करायची, आणि तोही अपेक्षित थंडीपेक्षा चार-पाच अंश खालचा घ्यायचा. हे न करणारा डाऊनमध्येही कुडकुडेल आणि पॉलिएस्टरमध्येही. दोष भरावाचा नाही, वाचण्याचा आहे.

आता एका किलोचा प्रश्न. पिन-पार्वतीची खिंड ५,३१९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासात प्राणवायूही. पण दमछाकीपेक्षा मोठा मुद्दा वेगळा आहे. ट्रेकवर माणसाला दिवसाला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोरडे अन्न लागते. म्हणजे एक किलो वाचला की दीड दिवसाचा शिधा जास्त नेता येतो. नदीला पाणी चढले, खिंडीवर बर्फ पडला, सोबत्याचा पाय मुरगळला, तर सुटकेचा हिशेब याच दीड दिवसावर येऊन ठेपतो. शिवाय दाबलेली डाऊनची बॅग सॅकच्या तळाशी सहज मावते, तर पॉलिएस्टरची बॅग निम्मी सॅक खाते. मग तंबू, कॅरीमॅट, पातेली बाहेर लटकतात, तोल जातो, आणि अरुंद वाटेवर हेलकावणारी सॅक माणसाला दरीकडे ओढते. हलकेपणा ही सोय आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. हलकेपणा ही सुरक्षितता आहे.

भिजण्याचा आक्षेप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खरा. ओले डाऊन चिकटून बसते, त्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. पॉलिएस्टर भिजल्यावरही थोडीफार ऊब धरते, हे मान्य. पण बॅग भिजते कशी, हेही पाहायला हवे. तंबूत असताना तिच्यावर पाऊस पडत नाही. सॅकमध्ये असताना तिच्याभोवती तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी असली आणि सॅकला आतून जाड प्लास्टिकचे अस्तर असले, तर नदी ओलांडताना सॅक बुडाली तरी बॅग कोरडी राहते. खरा शत्रू असतो आपलाच श्वास. थंडी वाजते म्हणून तोंड आत घेऊन झोपणारा रात्रभर आपल्याच बॅगेला वाफ देत असतो. हूडची दोरी ओढून फक्त नाक-तोंड बाहेर ठेवावे, तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात, सकाळी चहा होईपर्यंत बॅग उलटी करून उन्हात टाकावी. एवढे पाळले की दमटपणा साठत नाही.

भूगोलाचाही विचार करा. हम्पटाच्या वाटेवर बालू का घेरापर्यंत हिरवीगार कुल्लूची बाजू असते. ४,२७० मीटरची खिंड ओलांडून शिया गोरूला उतरले की उघडावाघडा, कोरडा लाहौल सुरू होतो. पावसाचे ढग बहुतांशी अलीकडेच अडतात. लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस होतो. ज्या प्रदेशात मराठी ट्रेकर जुलै-ऑगस्टमध्ये जातात त्यातला मोठा भाग पर्जन्यछायेचा आहे. तिथे ओलाव्याच्या भीतीने दोन किलोची बॅग नेणे म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यासाठी रोज स्वयंपाक करण्यासारखे आहे.

इथेच माझ्या पक्षाची मर्यादाही स्पष्ट सांगतो. सह्याद्रीत पावसाळी भटकंतीला डाऊनची बॅग नेऊ नये. गुहेतला दमटपणा, ओले कपडे, दिवसेंदिवस न दिसणारे ऊन यांपुढे तिचा निभाव लागत नाही. हिवाळ्यातही हरिश्चंद्रगडावर किंवा साल्हेरवर साधी पातळ सिंथेटिक बॅग पुरते. सह्याद्रीपुरते बोलणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. चूक होते ती सह्याद्रीचा नियम जसाच्या तसा हिमालयाला लावण्यात.

किमतीचे पाहू. बरी डाऊनची बॅग पंधरा-वीस हजारांपासून सुरू होते, सिंथेटिक तीन-चार हजारांतही मिळते. विद्यार्थ्याला हा फरक मोठाच आहे, आणि आयुष्यात एकदाच जाणाऱ्याने बॅग भाड्याने घ्यावी असेच मी सांगेन. पण दर वर्षी जाणाऱ्याचा हिशेब वेगळा. पॉलिएस्टरचे तंतू वारंवार दाबले गेल्याने चपटे होतात, आणि काही वर्षांत बॅग दिसायला तशीच राहून उबेला मात्र निम्मी होते. डाऊन नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षे फुलत राहते. वर्षाकाठी पडणारा खर्च काढला तर दोन्हींत फारसे अंतर उरत नाही. वजनातले अंतर मात्र प्रत्येक ट्रेकला उरते.

पक्ष्यांविषयीचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. बाजारातले बहुतेक डाऊन मांसासाठी पाळलेल्या बदका-हंसांचे असते. पण जिवंत पक्ष्याची पिसे उपटणे आणि त्याला नळीने बळेच चारणे हे प्रकारही या व्यवसायात झाले आहेत. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर उपायही उभा राहिला आहे. ‘टेक्स्टाइल एक्स्चेंज’ या संस्थेचे ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ २०१४ पासून लागू आहे. या दोन्ही गोष्टींना त्यात मनाई आहे आणि माल शेतापासून कारखान्यापर्यंत तपासला जातो. ही खूण नसलेली बॅग घेऊ नये. ज्याला प्राणिजन्य वस्तूच नको, त्याचा निर्णय मला आदरणीय वाटतो आणि त्याने सिंथेटिकच घ्यावी. पण सिंथेटिक निरुपद्रवी आहे असे मात्र कोणी समजू नये. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते, लवकर टाकावे लागते आणि टाकल्यावर शतकानुशतके कुजत नाही.

राहिला घोंगडीचा आक्षेप. घोंगडीचा मला अभिमान आहे. पावसात खोळ होते, शेकोटीची ठिणगी पडली तरी पेट घेत नाही, ओली झाली तरी ऊब देते. धनगराच्या खांद्यावर ती शोभते, कारण त्याच्या रानाला आणि कामाला ती बेतलेली आहे. पण परंपरेचा हवाला द्यायचा तर पुरता द्यावा. मराठ्यांच्या फौजेचे बळ तिच्या सडेपणात होते. जड तोफा, डेरे आणि बाजारबुणगे घेऊन रखडणाऱ्या मोगली छावण्यांना सड्या स्वारांनी जेरीस आणले. आणि पानिपतावर जाताना हाच सडेपणा सुटला, त्याची किंमत आपण जाणतो. पूर्वजांचा खरा धडा आहे तो असा: लागेल तेवढेच न्यावे आणि नेऊ ते उत्तम असावे. हलकी बॅग त्या धड्याच्या विरोधात जात नाही, ती त्याचे पालन करते.

जाणत्यांचा हा विरोध नवाही नाही. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञ गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाचे डाऊन भरून कोट शिवून घेतला होता. लोकर आणि ट्वीड घालणाऱ्या सहकाऱ्यांना तो विचित्र वाटला. त्याच मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस ८,३०० मीटरच्या वर गेले. तोवर माणसाने गाठलेली ती सर्वांत मोठी उंची होती. आज आठ हजार मीटरच्या शिखरांवर डाऊनच्या सूटशिवाय सहसा कोणी दिसत नाही.

खंडन झाले, आता काय करावे ते सांगतो. बॅग घेताना ८०० च्या आसपासची फिल पॉवर आणि ९०:१० असे प्रमाण पाहा, म्हणजे नव्वद टक्के डाऊन आणि दहाच टक्के कणा असलेली पिसे. आरपार शिवण असलेली बॅग थंडीला नको. प्रत्येक शिवणीवर भराव शून्य होतो आणि तिथून गार झोत येतो. दोन थरांमध्ये जाळीच्या भिंती घालून कप्पे केलेली घ्या. दुकानातच तिच्यात शिरून हूड ओढा, कूस बदला, चेन अस्तरात अडकते का पाहा. अंगाखाली दबलेल्या डाऊनला ऊब उरत नाही, तेव्हा चांगल्या कॅरीमॅटवर पैसे वाचवू नका. जमिनीचा गारवा तीच अडवते.

घरी आल्यावर बॅग तिच्या घट्ट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. सुती उशीच्या मोठ्या अभ्र्यात मोकळी ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात तिला अधूनमधून पंख्याखाली पसरा आणि दसऱ्याच्या सुमारास कोवळे ऊन दाखवा. धुवायची वेळ क्वचितच येते. आली तर डाऊनसाठीचा सौम्य साबण वापरा, पिळू नका, दाबून पाणी काढा. ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून वाळवा, म्हणजे गुठळ्या फुटतात. आतला शेवटचा पुंजका कोरडा होईपर्यंत धीर धरा.

ट्रेक नेणाऱ्या संस्थांना आणि अनुभवी नेत्यांना माझी विनंती आहे. ‘डाऊन भिजते’ या दोन शब्दांवर नवख्यांची बोळवण करू नका. प्रदेश कोणता, ऋतू कोणता, ओझे कोण वाहणार, हे आधी विचारा आणि मग सल्ला द्या. आणि पहिल्यांदा हिमालयात निघालेल्या तरुण-तरुणींनो, निघण्यापूर्वी सॅकमधली प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा. तंबू, सॅक आणि झोपण्याचे सामान या तीन वस्तूच सर्वांत जड भरतील. त्यांतल्या तिसऱ्या वस्तूवर एक किलो वाचवणे तुमच्या हातात आहे. कोरड्या, उंच हिमालयात स्वतःचे ओझे स्वतः वाहणाऱ्यासाठी हलकी डाऊनची बॅग हीच योग्य निवड आहे.